नगावरची मजुरी आणि पगारावरची कपात

पगारपत्रकात ज्याचे नाव आहे त्याच्याच पगारातून आजारपणाचा पैसा कापता येतो, आणि ज्याचा पैसा कापला जातो त्यालाच विम्याच्या दवाखान्याचे दार उघडते. हजेरीपटावरून दिवस मोजणे, पगारपत्रके लिहिणे, पंधरा तारखेच्या आत चलन भरणे हे ज्यांचे रोजचे काम आहे त्या आम्हा लोकांना हे कुणी शिकवावे लागत नाही. उज्जैनसारख्या गावात हे काम करताना त्याची दुसरी बाजूही लवकर कळते. मक्सी रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची पत्रके महिन्याच्या महिन्याला तयार होतात. तिथून थोड्याच अंतरावर, क्षिप्रेच्या काठी, काळभैरव आणि सिद्धवटाच्या शेजारच्या भैरवगढमध्ये पिढ्यानपिढ्या कापडावर मेण आणि रंग चढवणारे छिपा कारागीर दिवसभर राबतात, आणि त्यांच्या कामाचे एकही पत्रक निघत नाही. आरोग्याचा आणि म्हातारपणाचा खर्च भागवण्यासाठी पगारावरची कपात वाढवावी की नाही, हा वाद जगभर चालू आहे. माझे म्हणणे असे की आपल्याकडे कपातीचा टक्का हा दुय्यम प्रश्न आहे. ती कपात कुठे बसवायची हा पहिला प्रश्न आहे, आणि भैरवगढकडे पाहिले की तो उघड दिसतो.

बाटिकची एक चादर किती हातांतून जाते ते पाहावे. कापड आधी धुऊन त्याची खळ काढतात. मग एक जण नक्षी उतरवतो. दुसरा शेगडीवर वितळवलेले मेण कुंचल्याने किंवा कलमाने नक्षीवर भरतो. मेण फार तापले तर पसरते आणि थंड झाले तर कापडात मुरत नाही, म्हणून तो शेगडीपासून हलू शकत नाही आणि मेणाचा धूर सतत त्याच्या तोंडावर असतो. रंग थंड पाण्यातच चढवावा लागतो, कारण गरम पाण्यात मेण सुटेल. म्हणून तिसऱ्याचे हात नॅफ्थॉलच्या कुंडात बुडालेले राहतात. एकाहून अधिक रंग असले तर मेण आणि रंग यांची फेरी पुन्हा होते. शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढतात, आणि वर तरंगलेले मेण पुन्हा वापरण्यासाठी गोळा करतात. यातले काही काम कारखान्यात होते, काही घरच्या ओट्यावर बायका करतात. मजुरी नगावर ठरते. सणासुदीला काम भरपूर, पावसाळ्यात कापड वाळत नाही म्हणून काम मंद. वर्षातून कधी ना कधी मालकाकडून उचल घेतलेली असते आणि ती पुढच्या नगांतून फिटते. इथे महिन्याचा पगार नाही, हजेरी नाही, मालक म्हणावा तर तोही अनेकदा कुणा व्यापाऱ्याच्या मागणीवर काम करणारा कारागीरच. २०२३ मध्ये उज्जैनच्या बाटिकला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे कापडाचे नाव कायद्याने राखले गेले, पण ते करणाऱ्यांची दुखणीखुपणी त्या कागदात कुठेच येत नाहीत.

आता पगारपत्रकाच्या आतली गोष्ट. कर्मचारी राज्य विम्याचा कायदा १९४८ चा. त्यामागे बी. पी. आडारकरांचा १९४४ चा अहवाल होता. २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. तिची बांधणी अजूनही विलक्षण चांगली आहे, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणेन. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली की पुढच्या लाभकाळात आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण पगार मिळतो. कामावर अपघात होऊन काम थांबले तर ९० टक्के. कामगाराबरोबर त्याचे कुटुंब आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडीलही दवाखान्यात जाऊ शकतात. ३० जून २०१९ पर्यंत यासाठी मालक पगाराच्या ४.७५ टक्के आणि कामगार १.७५ टक्के भरत असे. १ जुलै २०१९ पासून हे दर ३.२५ आणि ०.७५ झाले. बारा हजार पगाराच्या माणसामागे पूर्वी महिन्याला ७८० रुपये जमा होत होते, ते ४८० वर आले. कामगाराच्या हातात १२० रुपये जास्त राहिले आणि मालकाचे १८० वाचले. त्या वेळी हा दिलासा म्हणून सगळीकडे जाहीर झाला. योजनेकडे शिल्लक मोठी आहे, मग लोकांकडून जास्त का घ्यायचे, असा त्यामागचा युक्तिवाद होता. तो मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. विमा दवाखान्यात डॉक्टरांच्या जागा रिकाम्या असतात, औषध बाहेरून आणावे लागते, तपासणीसाठी इंदूरच्या नंदानगरपर्यंत जावे लागते, या तक्रारी पगारपत्रक लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर येतात. शिल्लक आणि टंचाई एकाच वेळी असेल, तर पैसा खर्च करण्याची व्यवस्था सुधारायला हवी होती. त्याऐवजी पैसाच कमी केला.

त्याहून वाईट गोष्ट पगाराच्या मर्यादेची. २०१७ च्या जानेवारीत ती १५,००० वरून २१,००० झाली आणि मग वर्षानुवर्षे तिथेच थांबली. महागाई थांबली नाही, किमान वेतन थांबले नाही. याचा परिणाम कागदावर कसा दिसतो ते सांगतो. २०,८०० रुपये पगाराच्या माणसाची विम्याची कपात होते १५६ रुपये. त्याला पाचशेची वाढ मिळाली की पगार २१,३०० होतो. चालू वर्गणीकाळ, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्च, संपेपर्यंत तो योजनेत राहतो, नंतर बाहेर पडतो. पाचशे रुपये वाढले, १५६ वाचले, आणि बायकामुलांसकट आईवडिलांचा दवाखाना गेला. म्हणूनच अनेक कामगार स्वतःहून सांगतात की मूळ पगार वाढवू नका, वाढ दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात दाखवा. हा लबाडीचा भाग अजिबात नाही. घरात म्हातारी माणसे असलेल्या माणसाचा तो सरळ हिशेब आहे. ज्या वर्गणीतून बाहेर पडल्यावर माणसाला पगारवाढ तोट्याची वाटते, त्या वर्गणीविषयी ‘लोकांना कपात नको असते’ असे बोलणे बरोबर नाही. कपातीच्या बदल्यात दिसेल असे काही मिळत असेल तर लोकांना ती हवी असते.

ब्रिटनमध्ये हाच वाद गेल्या काही वर्षांत फार तीव्रपणे झाला. ७ सप्टेंबर २०२१ ला पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी १.२५ टक्क्यांनी वाढवण्याचा निर्णय जाहीर केला. २०१९ च्या जाहीरनाम्यात त्यांच्या पक्षाने ती न वाढवण्याचे वचन दिले होते. वर्षाला सुमारे १२ अब्ज पौंड मिळतील, त्यातून कोविडने खिळखिळी झालेली आरोग्यसेवा सावरेल आणि म्हाताऱ्यांच्या देखभालीचा खर्च कुणालाही आयुष्यात ८६,००० पौंडांहून जास्त करावा लागणार नाही, असे सांगितले गेले. एप्रिल २०२२ पासून कपात वाढली आणि पंतप्रधान बदलताच त्याच वर्षी नोव्हेंबरात ती मागे घेतली गेली. देखभालीच्या खर्चाची मर्यादा आधी पुढे ढकलली आणि २०२४ मध्ये रद्द झाली. मग ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात नव्या सरकारने मालकांची वर्गणी १३.८ वरून १५ टक्क्यांवर नेली आणि ती सुरू होण्याची पगाराची पायरी वर्षाला ९,१०० पौंडांवरून ५,००० पौंडांवर आणली. विरोधकांचा मुख्य आक्षेप वजनदार होता. घरभाड्यावर आणि गुंतवणुकीच्या उत्पन्नावर जगणारे बाजूला राहतात, आणि भार पडतो काम करणाऱ्यांवर. नव्या वाढीतून खासगी देखभालगृहे आणि डॉक्टरांचे दवाखानेही सुटले नाहीत, म्हणजे ज्या सेवेसाठी पैसा गोळा करायचा तिचीच मजुरी महाग झाली. आपल्याकडे हा आक्षेप आणखी पुढे न्यावा लागतो. ब्रिटनमध्ये निदान काम करणारे बहुतेक सगळे पगारपत्रकात असतात. आपल्याकडे पगारावर भार टाकला की भाडे खाणारा सुटतोच, आणि सगळ्यात जास्त कष्ट करणारा माणूस बाहेरच राहतो. तो भारातून सुटतो आणि हक्कातूनही.

पगारावरची कपात दुसऱ्याच्या पोटापाण्यासाठी वापरण्याचा मोठा अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे, आणि या वादात तो फारसा कुणी काढत नाही याचे मला वाईट वाटते. १९७२ च्या दुष्काळात राज्याने रोजगार हमी योजना हाती घेतली. वि. स. पागे हे तिचे शिल्पकार. तिला पैसा लागणार होता, म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदाराच्या, वकिलाच्या, डॉक्टरच्या उत्पन्नातून थोडी रक्कम घ्यायची आणि खडी फोडणाऱ्या, बांध घालणाऱ्या गावातल्या मजुराला द्यायची. त्या करातून जेवढे येईल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असे ठरले. योजनेचा कायदा १९७७ चा, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. हा पैसा नोकरदारांनी मुकाट्याने दिला. गाव उपाशी राहिले तर तो लोंढा मुंबईत येणार, हे शहराला दिसत होते. आणि काम मागितल्यावर ते मिळालेच पाहिजे, हे कायद्यात लिहिलेले होते. ज्याच्यासाठी पैसा घ्यायचा त्याचा हक्क आधी लिहिला, मग कपात पचली. पण त्याच कराची पुढची कथा वाईट आहे. राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये या कराची कमाल मर्यादा वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली, आणि त्यानंतर साडेतीन दशकांहून जास्त काळ हललीच नाही. मध्य प्रदेशातही हा कर आहे. वर्षाला चार लाखांच्या वर उत्पन्न असलेल्याचे अकरा महिने २०८ रुपये आणि बाराव्या महिन्यात २१२ रुपये कापले जातात. महिन्याला चाळीस हजार मिळवणारा कारकून आणि चाळीस लाख मिळवणारा कंपनीचा प्रमुख यांच्या पगारपत्रकातला हा रकाना अगदी सारखा असतो. आरोग्यासाठी वेतनावर आणखी पैसा गोळा करायचाच असेल तर गरिबाच्या ०.७५ टक्क्यांकडे पाहण्याआधी या गोठलेल्या रकान्याकडे पाहावे.

पण एवढ्यानेही भैरवगढचा मेण लावणारा आत येत नाही. त्याच्यासाठी वसुलीची जागाच बदलावी लागते, आणि ती बदलता येते हेही महाराष्ट्राने दाखवले आहे. माथाडी कामगाराला कायमचा मालक नसतो. आज या पेढीचे पोते, उद्या त्या गोदामाचे. अण्णासाहेब पाटलांनी चालवलेल्या लढ्यानंतर १९६९ मध्ये कायदा झाला आणि मालकाच्या जागी मंडळ आले. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरतो. त्यातून मजुराचा पगार, भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी भागते. या कायद्याच्या आडोशाने बोगस टोळ्या उभ्या राहून कारखानदारांकडून पैसे उकळत असल्याच्या तक्रारी राज्यात वर्षानुवर्षे आहेत, आणि त्या खऱ्याही आहेत. तरीही ज्याच्या कामाला एक मालक नाही त्याची वर्गणी कशी गोळा करावी, याचे याहून चांगले उत्तर आपल्या देशात दुसऱ्या कुणी दिलेले नाही. ऊसतोड मजुरांसाठी हीच कल्पना टनावर बसवली गेली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागे दहा रुपये द्यायचे. विडी कामगारांची पद्धत तर भैरवगढच्या अगदी जवळची. विडीही घरी वळली जाते, मजुरी हजार नगांवर असते, ठेकेदार बदलत राहतो. १९७६ च्या कायद्याने उपकर कामगाराच्या मजुरीवर न बसवता मालावर बसवला. शेवटी तो हजार विड्यांमागे पाच रुपये होता. त्यातून सागरच्या, सोलापूरच्या, भंडारा-गोंदियाच्या विडी कामगारांसाठी दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांना मदत चालत असे. २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आला, ‘एक देश एक कर’ म्हणत हा उपकर बंद झाला आणि ते दवाखाने अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर जगू लागले. मालकाने तेव्हा विडी स्वस्त केली नाही, उलट २०१७ मध्ये विडीवरचा कर वाढला होता. फक्त त्या पैशावरचे कामगाराचे नाव पुसले गेले.

भैरवगढसाठी म्हणून मला असे वाटते. कारागिराच्या मजुरीतून टक्का कापण्याचा प्रयत्न करू नये, कारण ती मोजायला हजेरीपट नाही आणि मोजायला गेलो तर ती आणखी लपेल. बाटिकचे कापड ज्या ठिकाणी पहिल्यांदा पक्क्या बिलावर विकले जाते, तिथे एक टक्का घ्यावा. वर्षाला ४० लाखांच्या आतल्या विक्रीला जीएसटीची नोंदणी लागत नाही, म्हणून लहान कारागीर आपोआप वगळला जाईल. घाऊक व्यापारी, निर्यातदार आणि राज्याचे ‘मृगनयनी’ दालन यांच्याकडून पैसा येईल. हजार रुपयांच्या चादरीवर दहा रुपये. मजुरी किमतीच्या एक तृतीयांश धरली तर हे दहा रुपये मजुरीच्या तीन टक्के होतात, म्हणजे कारखान्यातल्या कामगारामागे आज जी एकूण चार टक्के वर्गणी जमा होते तिच्या बरेच जवळ. उरलेला थोडा हिस्सा कारागिराने आपल्या नावावर भरावा. तो हवाच, कारण ज्याची पावती हातात असते त्या दवाखान्यात माणूस मान वर करून विचारू शकतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. मोबाइलवरून काम देणाऱ्या कंपन्यांकडून त्यांच्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम, कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, घेण्याची तरतूद तिच्यात आहे. म्हणजे पगाराऐवजी उलाढालीवर वर्गणी बसवणे आता कायद्याला परके राहिलेले नाही. जेवण पोचवणाऱ्या तरुणासाठी जे मान्य झाले ते चादर रंगवणाऱ्या बाईसाठी अमान्य का असावे, याचे समाधानकारक उत्तर मला कुठे सापडत नाही.

यावर पहिला आक्षेप धंद्याचा. हाताने केलेल्या कापडाची स्पर्धा आधीच यंत्रावर छापलेल्या, बाटिकसारख्या दिसणाऱ्या स्वस्त कापडाशी आहे. त्यात एक टक्का वाढला तर गिऱ्हाईक जाईल आणि कामच उरणार नाही. ही भीती मी हलक्यात घेत नाही. पण दहा रुपयांचा भार शेवटी कुणावर पडतो हे पाहावे. पगारावर बसवलेली वर्गणी मालक भरतो असे कागदावर दिसले, तरी पुढच्या पगारवाढीतून ती बऱ्याचदा कामगाराकडूनच वसूल होते, हे अर्थशास्त्रज्ञांचे म्हणणे आमच्या कामातही खरे ठरते. किमान वेतन जिथे पाळले जाते तिथे तरी त्याला खालून आधार असतो. नगाच्या दराला असा आधारच नाही. मजुरीवर वर्गणी बसवली तर नगाचा दर उतरेल, हे जवळपास नक्की. विक्रीवर बसवली तर तिचा काही भाग गिऱ्हाइकावर आणि काही व्यापाऱ्याच्या नफ्यावर जाईल. मानांकन मिळालेल्या कापडाला खरे कापड म्हणून चार पैसे जास्त मोजणारे गिऱ्हाईक असते. आणि वर्गणी सगळ्या बाटिक व्यापाऱ्यांना सारखी असली तर भैरवगढमधले भैरवगढमध्ये कुणी कुणाला त्यावरून मागे टाकू शकणार नाही. यंत्रावरच्या नकली छपाईला आवर घालायला मानांकनाचा कायदा आहे, तो वापरावा. कारागिराच्या औषधाचा पैसा वाचवून ती लढाई जिंकता येणार नाही.

दुसरा आक्षेप मला सगळ्यात कठीण वाटतो, कारण त्यामागे न्यायालयाचा निकाल आहे. १९९६ च्या कायद्यापासून बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो, बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी. पैसा प्रचंड जमला आणि खर्च झाला नाही. काही राज्यांत तो भलत्याच गोष्टींवर गेला. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती मदन लोकूर यांच्या खंडपीठाने यावर अतिशय कडक शब्दांत निकाल दिला. उपकर बसवणे सोपे आणि तो मजुरापर्यंत नेणे अवघड, असे कुणी म्हटले तर ते नाकारता येत नाही. २०२८ च्या सिंहस्थासाठी उज्जैनमध्ये घाट, रस्ते, पूल यांची मोठी कामे निघाली आहेत. त्यांवरही हाच एक टक्का लागतो, आणि तो इथल्या गवंड्यांपर्यंत किती पोचेल याची काळजी वाटणे स्वाभाविक आहे. पण दोष कुठे होता तेही नीट पाहावे. बांधकाम उपकरात पैसा एका खिडकीवर जमतो आणि मजुराची नोंदणी दुसऱ्याच खिडकीवर होते. ही वर्गणी कुठल्या मजुराच्या कामापोटी आली, हे कुणालाच माहीत नसते. म्हणून तो पैसा मंडळाचा होतो, मजुराचा होत नाही. राज्य विम्यात किंवा माथाडी मंडळात असे होत नाही, कारण तिथे प्रत्येक रुपया एका नावासमोर लिहिला जातो. भैरवगढच्या एक टक्क्यातही हीच अट घालावी लागेल. कापडाच्या बिलावर ते करणाऱ्यांचे ई-श्रम क्रमांक असावेत. असंघटित कामगारांची नोंद करणारे ई-श्रम पोर्टल २६ ऑगस्ट २०२१ ला सुरू झाले आणि आज देशात तीस कोटींहून जास्त कामगारांकडे तो क्रमांक आहे. क्रमांक दिला गेला, पण त्याच्यासमोर जमा करायला पैशाची वाट ठेवली नाही. ही वर्गणी ती वाट होऊ शकते.

तिसरा आक्षेप असा की एवढी यातायात कशाला. सरकारने सर्वसाधारण करातून सगळ्यांचे आरोग्य सांभाळावे. तत्त्वतः मला हे मान्य आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. ते झाले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मिळतात, आणि ते मोठे काम आहे. पण त्यात रोजची औषधे नाहीत, तपासण्या नाहीत, आणि मुख्य म्हणजे आजारपणात बुडालेली मजुरी नाही. मेणाच्या धुराने दमा झालेल्या माणसाला शस्त्रक्रियेपेक्षा श्वासाचा पंप, डॉक्टरची नियमित भेट आणि महिनाभर शेगडीपासून दूर राहण्याइतके पैसे हवे असतात. तिजोरीतून चालणाऱ्या योजनांचे दुसरे दुखणे म्हणजे त्या सरकारबरोबर बदलतात. मध्य प्रदेशात असंघटित कामगारांसाठी २०१८ मध्ये ‘संबल’ योजना आली. सरकार बदलल्यावर तिचे नाव ‘नया सवेरा’ झाले, सरकार पुन्हा बदलल्यावर पुन्हा ‘संबल’. कारागिरांसाठी २००७ मध्ये राजीव गांधींच्या नावाने आरोग्य विमा योजना सुरू झाली होती, तीही पुढे बंद पडली. १९५२ मध्ये सुरू झालेला राज्य विमा मात्र कुठल्याच सरकारला मोडता आला नाही, कारण त्यातल्या पैशावर वर्गणी भरणाऱ्याचा दावा आहे. दर कमी करता आले, मर्यादा गोठवता आली, पण ९१ दिवसांचा हक्क काढून घेण्याची हिंमत कुणी केली नाही.

देखभालीचा प्रश्न तर आपण अजून खर्चात धरायलाही सुरुवात केलेली नाही. जर्मनीने १९९५ मध्ये दीर्घकालीन देखभालीचा विमा आणला तेव्हा मालकांचा हिस्सा भरून काढण्यासाठी बहुतेक राज्यांनी एक धार्मिक सुट्टी रद्द केली. लोकांनी वर्षातला एक दिवस म्हाताऱ्यांसाठी कामावर घातला. जपानने २००० मध्ये चाळिशीपासून पुढच्या प्रत्येकाकडून त्यासाठी वर्गणी घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याची किंवा आईची देखभाल घरातली बाई करते आणि तो खर्च कुठल्याही वहीत येत नाही. भैरवगढमध्ये घरच्या ओट्यावर मेण भरणाऱ्या बाईने दिवसातले चार तास रुग्णाजवळ घालवले, तर तेवढे नग कमी होतात, एवढीच त्याची नोंद. नगावर जगणाऱ्या घराला देखभालीची किंमत मजुरीतूनच मोजावी लागते, आणि ती आज शंभर टक्के त्याच घराच्या माथी आहे. ज्या वर्गणीतून आजारपणाचे पैसे मिळतील, त्यातूनच देखभालीच्या दिवसांचेही मिळावेत, असे लिहून घेण्याची हीच वेळ आहे.

हे सगळे भोपाळ किंवा दिल्लीहून हुकूम येईपर्यंत थांबायला हवे असेही नाही. सामाजिक सुरक्षा संहितेखाली राज्य सरकारला असंघटित कामगारांसाठी स्वतःच्या योजना आखता येतात. मानांकन मिळालेले कापड करणारे कोण आणि विकणारे कोण, हे भैरवगढमध्ये तरी सगळ्यांना ठाऊक आहे. राज्याचे ‘मृगनयनी’ दालन स्वतः मोठे खरेदीदार आहे, त्यामुळे सुरुवात सरकारी खरेदीपासून करता येईल. आपल्याच बिलांवर एक टक्का कारागिराच्या क्रमांकासमोर भरायचा, आणि उज्जैनच्या विमा रुग्णालयाला त्या क्रमांकावर उपचार द्यायला सांगायचे. पहिल्या वर्षी यादी लहान असेल, मेण भरणाऱ्या बायकांची नावे सुटतील, व्यापारी कटकट करतील. ती नावे शोधून यादीत घालायचे काम मात्र पगारपत्रके लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी करायचे आहे, कारण नगाची वही कशी वाचायची हे आम्हाला येते.